साडेचार टोप्या

थेल्मा झ्विकरनं मार्चमध्ये अखेर
नवऱ्याचा स्वेटर उसवायला घेतला.
गळ्यापासून. कोपराशी गाठ अडकली –
तिनंच कधीतरी मारलेली, वेगळ्याच निळ्यात.

उसवलेली लोकर लवकर सरळ होत नाही.
भिजवली, दोरीवर टांगली,
खाली वजनाला त्याच्याच गळाचं शिसं.
तरी कुरळीच. अंग धरून बसलेली.

खलाशांसाठी चर्चमध्ये खोकी भरतात :
साबण, मोजे, खोकल्याच्या गोळ्या, एक टोपी.
चिठ्ठीत आपलं नाव लिहायचं नाही.
लिहून तरी काय.

चार झाल्या.
पाचवी कपाळाच्या वर आली आणि लोकर संपली.
शेंडा लाल केला,
नातवाच्या मोज्यांतून उरलेला.

डिसेंबरात, हॅलिफॅक्सच्या धक्क्याबाहेर
एक पोरगेला खलाशी, मनिलाकडचा असावा,
तिला औषधाचं दुकान विचारतो.
डोक्यावर निळं, शेंड्याला लाल.

डावीकडे, ती सांगते, मग बेकरी, मग उजवीकडे.
त्याला कळलेलं असतं, तरी पुन्हा सांगते.
तो निघतो तेव्हा
तोंडातून जातंच :
कान झाक रे,

चाळीस वर्षं दारात उभं राहून
म्हणायची तसं,
आणि हा पोरगा
खरंच झाकतो.