झाकण

फेब्रुवारीत बर्फावरून घसरले, डोकं पायरीवर आपटलं,
आणि चियातुराच्या दरीवरून
रोपवेचे दोन पाळणे येऊ लागले माझ्याकडे,
दोन दोरांवर.
त्यातला एक खरा.

जवळचं ठीक होतं. सुई, पाव, वाझाचा चेहरा, एकेकच.
लांबचं सगळं जोडीनं.
सव्वीस वर्षं डोळ्यांत तेल घालून
मँगनीजच्या खाणीतली माणसं वर-खाली केली मी,
आता कुठल्या दाराची कडी धरायची
ते ठरवायला एक डोळा मिटावा लागे.

तिबिलिसीत डॉक्टर लामारा म्हणाली,
बाहेर ओढणारी नस मेलेली नाही, बधिर आहे.
तोवर आत ओढणारा स्नायू मोकाट.
म्हणजे एक दोर सैल, दुसरा ओढून नेतोय, मी म्हटलं.
तेच. ताकदवानाला तीन महिने झोपवू.
त्याचा काय गुन्हा?
काही नाही, म्हणाली.

मग औषधाचं नाव सांगितलं.

आमच्याकडे ते नाव बरणीतून येतं.
त्र्याण्णवच्या हिवाळ्यात, वीज नाही, गॅस नाही,
एतेरीनं वांग्यांची बरणी उघडली.
झाकण जरासं फुगलेलं, पण फेकवेना.
दुसऱ्या दिवशी मला म्हणाली,
त्सिउरी, तुम्ही दोघी कशाला आलात?
मी एकटीच होते.
मग पापण्या उतरल्या, मग आवाज, मग श्वास.

खुर्चीत मान मागे. थेंब. पुन्हा थेंब.
सुईला जोडलेला लहानसा भोंगा.
"नाकाकडे बघ," आणि माझाच स्नायू
तव्यावरल्या मक्यासारखा तडतडला.
इतकी वर्षं असा बोलत होता, कुणाला ठाऊक.
मग थंड काहीतरी, कणभर.
एतेरीच्या घासाहून किती लहान,
विचारलं नाही.

चौथ्या दिवशी माझी पापणी उतरली.
लामारानं सांगितलं होतं, उतरेल, परत चढेल.
तरी रात्रभर श्वास मोजत बसले.
वाझा घोरत होता.

मे महिन्यात फलाटावर गेले, कामाला नव्हे, बघायला.
पलीकडून दोन पाळणे निघाले.
पूर्वी ते माझ्या पायाशी येऊन एक व्हायचे.
आज दरीच्या मध्यावरच
एक दुसऱ्यात शिरला,
आणि खिडकीतल्या माणसानं एकच हात हलवला.

आता ऑगस्ट. औषध उतरत आलंय.
नस जागी झाली की नाही, ते आता कळेल.
टोमॅटोचे दिवस. बरण्या उकळते,
प्रत्येक झाकण अंगठ्यानं दाबून बघते.
काल गेल्या सालातलं एक टक् म्हणालं.
फेकलं.
पण आधी थोडा वेळ
हातात धरून उभी राहिले.