विजेचा दाखला

जन्माचा असतो, जातीचा असतो.
हयातीचा तर आमचे नाना दर नोव्हेंबरात
बँकेत जाऊन स्वतः उभे राहून देतात.
मी विजेचा देते.

चेंबूर नाक्याजवळ, झेरॉक्सवाल्याच्या जिन्याने
चौथ्या मजल्यावर आमचं ऑफिस.
खिडकीतून ट्रॉम्बेची चिमणी दिसते.
चिमणी.
आपल्या भाषेत एकाच शब्दात पाखरू,
रॉकेलचा दिवा आणि धुराडं.
तिघींपैकी एकीलाच धूर नाही
आणि हल्ली तीच तेवढी दिसत नाही.

नीलमोहर सोसायटीचे सेक्रेटरी कामेरकर
बिलाची घडी पुढ्यात पसरून विचारतात,
बाई, तार एकच, खांब एकच,
मग आमची वीज हिरवी कशी?
येताना टिळा लावून येते काय?

नाही, मी सांगते. तारेत सगळं एकत्रच,
कोळसा, वारा, ऊन, पाणी.
पंखा कुणाला गोत्र विचारत नाही.
पण भिशीत तुम्ही टाकलेली नोट
आणि फेब्रुवारीत तुम्हाला लागलेली नोट
एकच असते का?
वहीत मात्र तुमचं नाव असतं,
आणि एका महिन्याची भिशी दोघांना लागत नाही.
आमचं काम त्या वहीचं.

कामेरकरांना भिशी पटली.
युनिटमागे जास्तीचे पैसे पटायला
सर्वसाधारण सभा दोन वेळा घ्यावी लागली,
एकदा कोरम नव्हता म्हणून.

त्यांची वीज येते कर्जतच्या पुढून,
फॉर्ममध्ये जिचं नाव 'उपनदी क्रमांक दोन' आहे
आणि तिथले लोक जिला आंबनळी म्हणतात, तिच्यावरून.
धरण नाही, कुणाचं घर बुडालं नाही,
कमरेएवढा बंधारा आणि डोंगरउतारावरून एक पाइप.
रकाना सातवा: बंधाऱ्याखाली सोडलेलं पाणी,
मूळ स्थितीच्या तुलनेत.
मूळ स्थिती कुणी मोजलीच नव्हती.

म्हणून माघात मी गोमी हिलमला विचारलं.
ती तिथे दगडांखाली हात घालून खेकडे धरत होती.
बोलली नाही काही.
घोटाभर पाण्यात उभी राहिली,
लुगडं सावरलं
आणि गुडघ्यावर आडवा तळवा ठेवला.
एवढं. शिमग्यापर्यंत.

मी टेप लावली. त्रेचाळीस सेंटिमीटर.
कागदावर लिहिताना बघून हसली,
माजा गुडघा मुंबैला नेतेस व्हय?

नेला.
कंपनीचे इंजिनियर, तरुण, सभ्य, चहा मागवणारे,
म्हणाले, मॅडम, कुणाचा तरी गुडघा
हा डेटा नसतो.
मी म्हटलं, मग तुमचा आणा.
फाइल अकरा महिने माझ्या टेबलावर राहिली.
तिच्यावर डबा ठेवायची सवय झाली मला.
शेवटी त्यांनी झडप बदलली,
पाणी मोजलं, पुन्हा मोजलं, मीही जाऊन मोजलं.
अडतीस.
पुढच्या तपासणीपर्यंत वाढवण्याच्या अटीवर
मी सही केली.
नियमात बसत होतं.
मासे परतलेत, असं अहवालात आहे.
वरचे पाच सेंटिमीटर कुठल्याच रकान्यात नाहीत,
ते माझ्याकडे राहिले.

काल नीलमोहरमध्ये दाखला लावायचा होता.
सोनेरी फ्रेम, पेढे,
कामेरकर इस्त्रीच्या सफारीत.
जागा ठरली लिफ्टशेजारी,
'थुंकू नये' आणि पाण्याच्या वेळा यांच्यामध्ये.
वॉचमन स्टुलावर चढला,
खिळा ओठात, फ्रेम भिंतीला टेकवून,
मान वळवून मलाच विचारलं त्याने,
ठीक आहे का, मॅडम?

सगळे माझ्याकडे बघत होते.
लिफ्ट वरून कुणाला तरी घेऊन उतरत होती.

अजून वर घ्या, मी म्हटलं.
किती?
पाच सेंटिमीटर.