दोन मीटर चौतीस

वसमतच्या जुन्या परेड मैदानाची मोजणी
माझ्याच टेबलावर आली.
कारण : सिंथेटिक ट्रॅक.
प्रकार : अतितातडी.

मी आणि लिंबाजी सकाळी सातला पोचलो.
कुसळं, शेळ्या, फुटक्या बाटल्या,
आणि गवतात अजून जागेवर बसलेले
आतल्या कडेचे काळे चिरे.
चिऱ्यांपासून तीस सेंटिमीटर बाहेरून,
नियमात आहे तसा, टेप फिरवला.
चारशे दोन पूर्णांक चौतीस.

"मॅडम, कामून पुन्हा मोजायलोत?"
पुन्हा मोजलं.
चारशे दोन, चौतीस.

मग गुडघ्यावर वही ठेवून उलटा हिशेब केला
आणि आकडा गपकन जागेवर बसला :
चारशे चाळीस यार्ड. पाव मैल.
कुण्या साहेबानं आखला असणार,
निजामाचे शिपाई पळवायला.
साहेब गेला, निजाम गेला, शेर-छटाक गेले.
चिऱ्यांना कुणी कळवलं नाही.

तसं जगातही हेच चाललंय म्हणा.
पुरुषांचा गोळा सात किलो दोनशे साठ ग्रॅमचा,
एवढा वाकडा आकडा कुणी मुद्दाम ठरवतं का?
आत सोळा पौंड दडून बसलेत.
अडथळा एकशे सहा पूर्णांक सात सेंटिमीटर,
म्हणजे नाव बदलून राहणारे साडेतीन फूट.
क्रिकेटची खेळपट्टी तर आमचीच, मोजणीवाल्यांची साखळी,
तिच्या अर्ध्यात गुंठ्याची एक बाजू बसते.
सगळ्या शर्यती मीटरमध्ये राहायला गेल्या,
एकटा मैल तेवढा विक्रमांच्या वहीत अजून आहे,
वाटण्या झाल्या तरी ओसरी न सोडणाऱ्या चुलत्यासारखा.
आणि मी सातबारावर हेक्टर-आर लिहिते तेव्हा
बांधावरचा माणूस विचारतोच,
"ते ऱ्हाऊ द्या बाई, गुंठे किती?"

त्या साली मी बारावीत होते.
मुनीर सरांनी पहाटे स्वतः फक्की मारली होती,
गळ्यात घड्याळ, पायात एकच मोजा.
विभागाला जायचं तर साठ सेकंदांच्या आत यायचं.
"साठ पॉइंट तीन," सर म्हणाले
आणि घड्याळ माझ्यापुढे धरलं,
मला खोटं वाटू नये म्हणून.
फक्की डोळ्यांत गेली, असं मी घरी सांगितलं.
वहीत सरांनी तेवढंच लिहिलं :
शेषकला. ६०.३. राहिली.

लिंबाजीनं डबा उघडला. भाकर, ठेचा.
मी त्रैराशिक मांडत होते.
साठ पूर्णांक तीन गुणिले चारशे,
भागिले चारशे दोन पूर्णांक चौतीस.
एकोणसाठ पूर्णांक पंच्याण्णव.
"खा की मॅडम."
खोडरबर होतं का त्याच्याकडे, मी विचारलं.
का विचारलं, माहीत नाही.

संध्याकाळी सरांकडे गेले.
एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा पिकायचाय.
"ग्राऊंड मोजलं म्हणे तू. बराबर निघालं ना?
मी पावलांनी मोजून घेतलं होतं गं,
नोकरीला लागलो त्याच आठवड्यात.
चारशे. एक कम नाही, एक ज्यादा नाही."

"चारशे, सर," मी म्हटलं. "अगदी चारशे."

सर जरा वेळ गप्प बसले.
"मग तू खरंच तीन दशांशानं राहिलीस, बेटा."
"हो सर. राहिले."
चहात साखर फार होती. सगळा प्यायले.

अहवालात खरं तेच लिहिलं.
४०२.३४ मी. सही, शिक्का, दिनांक.
आता चिरे उखडतील, नवा ट्रॅक नेमका चारशेचा होईल,
मधले दोन मीटर चौतीस कुठे जमा करायचे
असा रकाना नमुन्यात नाही.

परतताना मैदानावरून आले.
अंधार पडत होता, शेळ्या गेल्या होत्या.
तेवढं अंतर चालून पाहिलं, चपला घालूनच.
तीन पावलं होतात.
तिसरं जरा लांब टाकावं लागतं.