शुद्धलेखन

पाकिटावरचा 'शुद्ध' मी छापलाय.
अमळनेर, स्टेशन रोड, दुसरी मशीन,
लाल शाई जरा जास्त,
कारण प्रल्हादशेठ म्हणाला, रस्सा आधी डोळ्यांना झोंबला पाहिजे.
प्रूफ मीच वाचलं.
शेठच्या चिठ्ठीत ध आधी होता, द मागून,
मी फिरवले.
मटनचं मटण केलं.
'अस्सल बोकडाचा खिमा' मधला स जोडून घेतला.
बारा हजार पाकिटं, चूक एक नाही.

मग नाशिकहून कागद आला.
बोकड : आढळले नाही.
त्याच्या खालच्या ओळीत,
इतर : आढळले.

इतर म्हणजे काय, ते कागदाने सांगितलं नाही
म्हणून गावाने सांगितलं.
ज्याला जे खाताना मेल्याहून मेल्यासारखं होतं
ते त्याने त्या एका शब्दात भरलं.
बसस्टँडवर एक, ताडेपुऱ्यात दुसरं,
बोरीच्या पुलापलीकडे तिसरंच.
गजमल वाणी तर तीन दिवस नुसतं ताक पिऊन राहिला,
दर बुधवारी माळ खुंटीला टांगून खायचा,
आता विचारतो, माळेला कळलं असेल का रे?
होस्टेलची पोरं हसली आधी.
रात्री एकेकटी उठून
मोरीत बोटं घालून ओकली.
दोन महिन्यांपूर्वी खाल्लेलं.

'आम्हना पोटमा काय गयं, ते सांगा!'
शकूबाई धनगर शेठच्या फाटकाशी ओरडत होती.
वॉचमनने सांगितलं, शेठ सुरतला.
'मंग तू सांग. तूबी खादं व्हई ना?'
वॉचमन खाली बघत राहिला.

रऊफभाईच्या दुकानापुढे रांग.
लोकांना शेपूट लागतं आता, टांगलेल्या धडाला लावलेलं,
मुंडकं शेजारी, खूर मोजून चार.
तो सुरी पुसत म्हणतो,
दोन वर्षं कुठं होता भो तुम्ही सगळे?
मग गिऱ्हाईक पांगल्यावर
मला जवळ बोलावलं. आवाज बारीक.
मालेगावला शिकणाऱ्या पोरीला
त्याने डझनभर पाकिटं पाठवली होती.
'कोपऱ्यात हलालचा शिक्का होता.
तो पण तूच छापला का?'

छापला होता.
शेठने मोबाइलवर फोटो पाठवला होता शिक्क्याचा,
जरा फाटका आला होता,
मी कडा स्वच्छ केल्या.

आमच्या घरचं अजून कुणी काढत नाही.
छपाईचं अर्धं बिल शेठने पाकिटांत फेडलं होतं.
नानांची कवळी शेवटी शेवटी बसत नव्हती,
कळण्याची भाकरी कुस्करून
त्यात तोच खिमा कालवायची आई.
ताट पुसून खायचे.
एकदा म्हणाले, बोकड कोवळा होता रे,
कुठल्या बाजाराचा?
मी म्हणालो, चोपड्याचा.
तेव्हा मला कुणी विचारलंही नव्हतं काय लिहायचं ते,
मीच चोपडा म्हणालो.

आई परवा भांडी घासताना थांबली.
विचारेल असं वाटलं.
राख संपली, एवढंच म्हणाली.

आज कार्यकर्ते आलेत, पाच हजार पत्रकं पाहिजेत,
संध्याकाळच्या मोर्चाला, अर्जंट.
मजकूर हाताने लिहिलेला, रागात,
वर मोठ्या अक्षरात 'निशेध'.
हात आपोआप गेला.
श काढला,
पोटफोड्या ष घातला.
खाली 'शुध्द' होता पुन्हा एकदा, ध आधी, द मागून.
त्याच्यावर बोट ठेवून
मी बराच वेळ बसलो.
बाहेर पोरगा विचारतोय, झालं का काका?
तो तसाच सोडलाय.