तेरवानंतरचा रकाना

ओहोटी लागली की बिउब्वा माकामे
गुडघाभर पाण्यात दोऱ्या चाचपते.
झांझिबारच्या या काठाला समुद्रशेवाळ हल्ली पांढरं पडतं,
पाणी चहाइतकं तापतं.
खोलात गार आहे म्हणे.
पण खोलात जायला पोहावं लागतं,
आणि ते बायकांना कुणी शिकवलंच नाही.

तिने स्पंज लावायचं मनावर घेतलं,
म्हणून युट्रेख्टहून फेना आली,
सामाजिक गुंतवणूकवाली.
लॅपटॉपला वाळू लागू नये म्हणून
तो सबंध दिवस मांडीवर धरून बसली.

मी दुभाषा. इकडचं तिकडे न्यायचं,
वाटेत सांडू द्यायचं नाही.

फेना म्हणाली, पाच वर्षांनी तू कुठे असशील?
बिउब्वा म्हणाली, इथेच. जाऊ कुठे?

मग फेनाने रकाने दाखवले.
पहिलं वर्ष, दुसरं, पाचवं;
प्रत्येकात कुणीही न पाहिलेला एक आकडा.
'हे खोटं आहे का रे?' बिउब्वाने मला हळूच विचारलं.
मी म्हटलं, अजून नाही.

आमच्या बोलीत उद्याला शब्द आहे,
परवाला, तेरवाला,
आणि तेरवाच्याही पुढे एक : म्तोंदोगो.
तो आता फक्त म्हाताऱ्या वापरतात,
उसने मागायला आलेल्या जावयाला परत पाठवताना.
त्याच्यापुढे आमच्याकडे शब्द नाही.
फेनाकडे रकाने आहेत.

पाचव्या रकान्यावर बिउब्वाने बोट टेकलं.
इथे लिही, म्हणाली, बायकांना पोहता येतं.
फेनाने टाइप केलं.
रकान्याने अक्षरं घेतली नाहीत. त्याला आकडाच हवा.
किती बायका?
बिउब्वा किनाऱ्याकडे वळली,
ओठ हलवत मोजत राहिली,
मध्येच एकीवर अडली, ती गरोदर होती.
सत्तावीस, म्हणाली. पोटातली धरून अठ्ठावीस.

पैसे अजून आलेले नाहीत.
कुठल्याशा समितीची बैठक पुढे ढकलली आहे.
पण भरतीच्या वेळी रिकामे तेलाचे डबे कवटाळून
बायका पाण्यात उतरतात, बुइबुइसकट,
एकमेकींवर ओरडतात, खारं पाणी थुंकतात.
कशाला घाई, मी विचारलं.
'लिहिलंय ना सत्तावीस,' झुवेना म्हणाली,
'मग कुठूनतरी सुरू करायला नको?'

आजपर्यंत अकरा झाल्या.
बिउब्वा त्यांत नाही.
ती अजून नाक धरून
डोकं बुडवते आणि लगेच वर काढते.