बिब्बा

चारशे सदतीस भूमिका.
ऑडिटच्या हेमांगिनीबाईंनी फाइल पाठवली तेव्हा
मला आधी नाटकमंडळीच आठवली:
एवढी पात्रं, आणि रंगपटात माणूस एकही नाही.

भूमिका म्हणजे माणूस नव्हे,
हे नव्या पोरांना समजावताना
मी खुंटीवरच्या कोटाचं उदाहरण देते.
जो घालेल त्याला खिशातल्या किल्ल्या.
काढून ठेवला की तो पुन्हा रिकाम्या हाताचा.
कोट मात्र खुंटीवर, खिसे भरलेले,
आणि कॉलरच्या आत कुणाचंच नाव नाही.

शुक्रवारपर्यंत प्रत्येकीला टॅग हवा:
मालक, खातं, कशासाठी.
रिकामी जागा चालणार नाही.
एकेक उघडून हाताने करायचं तर दिवाळी उजाडेल.
म्हणून विक्रोळीच्या नवव्या मजल्यावर,
एसी बंद झाल्यावर, मी कोड लिहायला बसले.
पानामागून पान यादी ओढायची,
प्रत्येकीपाशी थांबायचं,
नावावरून घर ओळखायचं.
पहिल्या फेरीत काही लिहायचं नाही,
नुसतं बोलून दाखवायचं.

बाबाही आधी बोटाने हवेत खूण काढायचे,
मग कापडावर.

सात रस्त्याजवळच्या लॉन्ड्रीत ते खुणा करायचे.
बिब्ब्याला सुई टोचायची, वरून चुना.
एक फुली दोन टिंबं: गिल्डर लेन, तिसरा मजला.
उभी रेघ, शेजारी काना: भायखळ्याचे पारशी डॉक्टर.
शंभर धुण्यांत न जाणारी शाई,
आणि बाबांची बोटं बारा महिने उतलेली.
लोक बिब्बा घालतात तो दुसऱ्याच्या कामात.
आमच्याकडे तो सदऱ्यांना लागायचा
आणि त्यावर माझी शाळेची फी निघायची.

साडेअकराला स्क्रिप्ट अडली.
जरा हळू, म्हणाला क्लाउड.
दोन हाकांमध्ये मी त्याला अर्ध्या सेकंदाची झोप दिली.
मग सरकू लागल्या ओळी:
पगाराच्या एकोणीस, अहवालांच्या साठ,
चाचणी-दोन, चाचणी-दोन-खरी,
कृपया-डिलीट-करू-नये.
एकीवर कुणीतरी आधीच टॅग लावलेला.
मालक: मी.

शेवटी एक उरली. टस्की-तात्पुरती.
जन्म सहा वर्षांपूर्वीचा.
अधिकारांच्या जागी नुसती एक चांदणी,
म्हणजे सगळं.
शेवटचा वापर: चार मिनिटांपूर्वी.

टस्की म्हणजे ग्लॅडविन तुस्कानो.
नोकरी सोडून तो वसईत सोनचाफा लावतो,
पहाटे उठतो, तरी फोन उचलला.
ती अजून जगतेय? म्हणाला, आणि हसला नाही.
दोन दिवसांसाठी केली होती गं.
रात्रीचे रक्ताचे रिपोर्ट तिच्यावरून जायचे
हॉस्पिटलांना. बहुतेक.
पुसू नकोस.
मागे कुठेतरी कुत्रं भुंकत होतं.

चॅटवर तीन टीमना विचारलं.
आमची नाही. आमची नाही.
तिसऱ्यांनी नुसता अंगठा पाठवला,
त्याचा अर्थ काय घ्यायचा ते मला कळेना.

खूण नसलेला कपडा गाठोड्यात निघाला
की बाबा त्यावर दुकानाची खूण करायचे.
एकदा एक रेशमी झबलं निघालं,
मी विचारलं, आता हे आपलं?
नाही, म्हणाले.
आता हे हरवलं तर शिव्या आपल्याला.

एक वाजून दहा मिनिटं.
चांदणीला मी हात लावला नाही.
ते उद्या, दिवसाउजेडी,
रिपोर्ट वाचणारी माणसं जागी असताना.
फक्त मालकाच्या जागी माझं नाव टाइप केलं,
आडनावासकट,
आणि एंटर दाबताना
अंगठ्याला उगाच खाज सुटली.