पातळ काळा

बत्तीसास एक, या मापाची बस.
पत्रा गोडेतेलाच्या डब्याचा,
रिव्हेट आतून सुईनं टोचून उठवलेले,
दोन्ही अंगांना मिळून सहाशे बारा.
दिवसभर उद्यमबागेत लेथवर उभा असतो मी.
रात्री साडेनवानंतर ही.

लाल बसलाय. वर वॉर्निशचा हात.
तरी अजून खेळणंच,
जत्रेत पिशवीत घालून देतात तसलं.

आता वॉश द्यायचा.
काळ्याचा एक थेंब, काताच्या रंगाचे दोन,
बाकी सगळं टर्पेंटाइन.
भरमा मिस्त्री म्हणायचे,
"अजून पातळ कर.
चहाचं दुसरं पाणी असतंय बग, तसं.
रंग लावालोय असं वाटलं, की चुकलास म्हण."

खिडकीखालच्या फटीला ब्रशाचं टोक
नुसतं टेकवायचं.
पुढं आपल्याला काम नाही.
ते पाणी आपलं आपण निघतं,
दाराच्या बिजागरीशी जरा घुटमळतं,
एका रिव्हेटला वळसा, मग दुसऱ्याला,
पोस्टमन गल्लीतनं जातो तसं,
एकही घर न चुकवता.

मग वीस मिनिटं थांबायचं.

मिस्त्री डेपोत रंगारी होते.
पाट्यांवरून पेटलं त्या साली
(कुठल्या, ते सांगून उपयोग नाही,
इथं साल विचारलं की लोक बोटं मोजतात)
रात्री अकराला एक गाडी आत आली,
पाटीपासून मडगार्डापर्यंत काळं फासलेली.
कुणी, ते त्यांनी विचारलं नाही.
तीच गाडी सकाळी सहाला
निपाणीकडं सुटायची होती.
घासलेटचा डबा, बनियनच्या चिंध्या,
आणि ते एकटे.
"फासायला मिनिट लागतंय रे. काढायला रात्र."

पहाटे चहाला म्हणून फाटकापर्यंत गेले
आणि सहज वळून बघितलं.
पत्रा लाल झाला होता.
काळं उरलं होतं ते फक्त
चिंधीचं बोट पोचलं नाही तिथं:
रिव्हेटच्या बुडाशी, झडपेच्या जाळीत,
ठोकून उठवलेल्या नंबराच्या कडेनं.
"नवी आली तवा बी तशी दिसली नव्हती.
तीन वर्षं रंगवत होतो त्या गाडीला.
त्या दिवशी बघितली."

वीसाची बावीस झाली.
कापसाची काडी टर्पेंटाइनमध्ये बुडवून, पिळून,
वरनं खाली. पाणी ओघळतं त्या वाटेनं.
आडवं पुसायचं नाही;
आडवा पाऊस लागायला कणकुंबीला जावं लागतं,
आणि माझी बस तिकडं जात नाही.
काडी काळी होते, दुसरी घ्यायची.
सतरा काड्या लागल्या.
सतराव्या काडीला दार दार झालं,
आतून कुणी उघडेल म्हणून
मी हात मागं घेतला.

रविवारी बुटांच्या खोक्यातनं अनगोळला नेली.
मिस्त्रींच्या दोन्ही डोळ्यांत आता काचबिंदू.
आधी हुंगली.
मग अंगठा टपावरनं खाली आला,
रिव्हेटच्या ओळीवरनं सावकाश,
ज्वारी निवडल्यासारखा.
"वॉर्निश दिल्यावरच वॉश दिलास न्हवं?"
"होय."
"न्हाईतर लाल खातंय ते."
"ठाऊक आहे, काका."
अंगठा पुढं गेला, काचेच्या वर,
आणि थांबला.
"पाटी?"
"कोरीच ठेवलीय."

का, ते विचारतील म्हणून
चार वाक्यं पाठ करून गेलो होतो.
त्या एवढ्याशा चौकटीच्या चारी कोपऱ्यांत
पातळ काळा साठून राहिला होता.
तो मी पुसला नव्हता.
त्यांना तो दिसत नव्हता,
तरी नख नेमकं तिथंच फिरत होतं.

"असू दे," म्हणाले.
"पाटी वाचून कोण चढतंय हितं?
विचारून चढत्यात."

मग बस तळहातावर घेतली,
चाकं एकदा फिरवून बघितली,
आणि टपावर बोटानं
टकटक केलं, दोनदा.